कल्ले गेले, आता पुढे? टायगर सॅलमँडरच्या पिल्लाचे जमिनीवरचे पहिले महिने

टाकीतलं पिल्लू दोन दिवसांपासून सारखं वर येऊन हवा घेतंय. मानेच्या दोन्ही बाजूंचे तुरेदार कल्ले आखडून त्यांचे नुसते खुंट उरलेत. शेपटीवरची पातळ पाळ जवळपास गेली आहे, डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, आणि कालपर्यंत गांडूळ दिसताच झडप घालणारा हा प्राणी आज त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. बहुतेक घरांत घबराट होते ती नेमकी इथे. कोणी पाण्यात औषध टाकतं, कोणी दिवा लावून ऊब देतं, कोणी चिमट्याने खाणं तोंडाशी धरून बसतं. पिल्लू आजारी नसतं. ते पाण्यातला प्राणी असणं सोडून जमिनीवरचा प्राणी होत असतं, आणि या दिवसांत त्याला सगळ्यात जास्त त्रास होतो तो आपल्या मदतीचाच.

हा लेख टायगर सॅलमँडरबद्दल आहे. सॅलमँडर म्हणजे बेडकासारखाच उभयचर, पण शेपटीचा आणि सरड्यासारख्या बांध्याचा. अमेरिकेत घरोघरी पाळल्या जाणाऱ्या सॅलमँडरांमध्ये हाच जास्त दिसतो. काळ्या-तपकिरी अंगावर पिवळे डाग किंवा पट्टे, रुंद डोकं, हसल्यासारखं तोंड. इलिनॉय, कॅन्सस आणि कोलोरॅडो या तीन राज्यांनी आपला अधिकृत राज्य-उभयचर म्हणून निवडला तो याच गटातला. मासे पकडण्याच्या सामानाच्या दुकानात ‘वॉटरडॉग’ या नावाने आमिष म्हणून विकली जाणारी पिल्लंही यांचीच असतात. तिथलं एखादं पिल्लू मुलांच्या हट्टाखातर घरी येतं आणि उन्हाळ्यात एके दिवशी टाकीबाहेर पडायची धडपड करू लागतं.

आधी त्याच्या शरीरात काय चाललंय ते पाहू, कारण पुढची सगळी काळजी त्यावरूनच ठरते. रूपांतरणाची किल्ली थायरॉइड ग्रंथीकडे असते. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडकाच्या पिल्लांना घोड्याच्या थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले, तेव्हा ती वेळेच्या कितीतरी आधी, इवलीशी असतानाच बेडूक होऊ लागली. सॅलमँडरमध्येही या ग्रंथीतून पाझरणारं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, हेच काम करतं. त्याचं रक्तातलं प्रमाण वाढलं की कल्ले शरीरात शोषले जातात, मानेवरच्या फटी बंद होतात, डोळ्यांना पापण्या येतात, कातडी जाड होते आणि तिच्यात नव्या ग्रंथी तयार होतात. फुप्फुसं आधीपासून असतात, पण श्वासाचा मोठा भार आता त्यांच्यावर आणि ओल्या कातडीवर येतो. पाण्यात असताना शरीरातला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात सरळ पाण्यात जात होता. जमिनीवर ते परवडत नाही, म्हणून त्याचा युरिया करून बाहेर टाकायची व्यवस्था सुरू होते.

तोंडातही उलथापालथ होते. पाण्यातलं पिल्लू तोंड झटकन उघडतं आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतं. हवेत ही युक्ती चालत नाही. तिथे चिकट जीभ बाहेर काढून किंवा पुढे झेपावून जबड्याने पकडावं लागतं. त्यासाठी जीभ नव्याने घडते, जबडा आणि घशाची हाडं बदलतात, आतडंही बदलतं. हे काम चालू असताना पिल्लाने जेवायला नकार दिला, तर त्यात नवल ते काय? काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे ते काहीच खात नाही. वजन घटतं, डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसतं. पाण्यात चांगलं पोसलेलं पिल्लू हा काळ आरामात काढतं.

याच कुळातला अॅक्सोलॉटल हे सगळं टाळतो. त्याच्या शरीरात संप्रेरकाचं प्रमाण पुरेसं वाढत नाही, म्हणून तो कल्ल्यांसकट मोठा होतो आणि तसाच अंडीही घालतो. १८६०च्या दशकात मेक्सिकोहून पॅरिसला आणलेल्या अॅक्सोलॉटलांची तिथे जन्मलेली काही पिल्लं कल्ले टाकून जमिनीवरच्या सॅलमँडरसारखी झाली, तेव्हा त्यांचा सांभाळ करणारे प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरिलसुद्धा चक्रावून गेले होते. आजही पाळलेला एखादा अॅक्सोलॉटल क्वचित असा बदलतो. तसं झालं तर पुढची काळजी याच धर्तीवर घ्यायची. फक्त मुद्दाम आयोडीन किंवा हार्मोन देऊन त्याला बदलायला लावू नका. त्यात तो मरण्याची शक्यता मोठी असते आणि जगला तरी आयुष्य घटतं.

आता टाकीकडे. कल्ले आखडायला लागलेले दिसले की पाणी उथळ करायचं, पिल्लाचं अंग जेमतेम बुडेल इतकं, आणि एका बाजूला सहज चढता येईल असा उतार करायचा. दगडांचा ढीग केलात तर ते ढासळणार नाहीत हे बघा. ज्याचे कल्ले गेलेत आणि ज्याला चढायला जागा नाही, असं पिल्लू खोल पाण्यात दमून बुडतं. आयुष्याचे सगळे महिने पाण्यात काढलेला प्राणी पाण्यात बुडून मरतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण या टप्प्यावर असं खूपदा घडतं. झाकण आजच पक्कं करा. बदलाच्या दिवसांत ही पिल्लं ओली काच चढून जातात आणि दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली सुकलेली सापडतात.

त्याला बाहेर कधी काढायचं, हे त्याच्यावरच सोडावं. ते आपणहून पाण्याबाहेर बसून राहू लागलं आणि कल्ल्यांचे फक्त ठिपके उरले, की जमिनीवरच्या घरात हलवायचं. घाईने आधीच काढलं तर कातडी तयार नसते.

पहिलं घर अगदी साधं असावं. हवेसाठी भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, तळाशी पाण्यात भिजवून पिळलेले रंग-वास नसलेले किचन टॉवेल, लपायला झाडाच्या सालीचा तुकडा किंवा उलटा ठेवलेला छोटा कप, आणि पाण्याची उथळ बशी. दिसायला हे अगदी इस्पितळासारखं वाटतं. मुलांना शेवाळ, दगड, छोटा धबधबा असं जंगल हवं असतं. त्यांना तीन-चार आठवडे थांबायला सांगा. टॉवेलवर त्याने खाल्लं का, शी केली का, अंगावर काही उठलंय का, सगळं दिसतं. खाताना माती किंवा खडे पोटात जाण्याची भीतीही नसते. टॉवेल मात्र एक-दोन दिवसांआड बदलायलाच हवेत. ओला, घाण टॉवेल म्हणजे कातडीतून अमोनिया परत अंगात.

पिल्लू नियमित खायला लागलं की मातीच्या टाकीत हलवायचं. एकट्या पिल्लाला १० गॅलनची, म्हणजे साधारण ३८ लिटरची टाकी पुरते, मोठेपणी २० गॅलनची लांबट टाकी बरी. उंचीचा उपयोग नाही, जमिनीचा आहे. हा प्राणी वर्षाचा बहुतेक काळ बिळात काढतो, म्हणून निदान दहा सेंटिमीटर माती हवी. खत, पर्लाइट वगैरे काही न मिसळलेली बागेची माती आणि कोकोपीट यांचं मिश्रण उत्तम. वर पालापाचोळा. नुसतं कोकोपीट वापरलं तर बीळ टिकत नाही. खडी नको, देवदार-पाइनच्या लाकडाचा भुसा तर नकोच.

ओल किती, हा प्रश्न सगळ्यांना पडतो, आणि चूक बहुधा जास्त पाण्याकडे होते. उभयचर म्हणजे पाणी, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण जमिनीवर आलेल्या टायगर सॅलमँडरला ओल हवी, चिखल नको. मूठभर माती दाबली की लाडवासारखी बांधली जावी आणि बोटांतून थेंबही गळू नये. टाकीची एक बाजू अशी आणि दुसरी जरा कोरडी ठेवा, म्हणजे कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवेल. दिवसेंदिवस बशीतच बसून राहिला तर माती कोरडी पडली आहे, तापली आहे किंवा खराब झाली आहे. सारखा काचेवर चढत असेल तर मातीत अमोनिया साठल्याचा संशय घ्या. आवडीने मातीत गडप झाला आणि चार दिवस दिसला नाही, तर सगळं ठीक चाललंय. मुलांची निराशा होईल, पण हा दाखवायचा प्राणी नव्हे.

आता गारवा. मला विचाराल तर जमिनीवर आलेल्या पिल्लाच्या बाबतीत निम्मी लढाई तापमानाचीच. १६ ते २१ अंश सेल्सिअसमध्ये ते खूश असतं. २४-२५च्या वर सलग दिवस गेले की खाणं सुटतं, कातडीवर जंतू वाढतात आणि मग एकेक दुखणं सुरू होतं. सरडे-कासवांसाठी मिळणारे उष्ण दिवे, गरम होणाऱ्या चटया यांची इथे काही गरज नाही. अमेरिकेतल्या घरांचं तळघर याला अगदी योग्य. उन्हाळ्यात घर तापत असेल तर जाळीच्या झाकणावरून छोटा पंखा फिरवा म्हणजे बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण मग माती लवकर सुकते, तिकडेही लक्ष हवं. गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून टाकीच्या एका टोकाला ठेवता येते. उन्हात खिडकीशी ठेवलेली काचेची टाकी मात्र अर्ध्या तासात जीव घेऊ शकते.

पाणी नळाचं चालेल, पण तसंच नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असतं. क्लोरीन रात्रभर उघड्या भांड्यात उडून जातं, क्लोरामाइन जात नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं कंडिशनर घालावं लागतं. बशीतलंच नव्हे, टॉवेल आणि माती भिजवायचं पाणीही तेच वापरा, कारण हा प्राणी तोंडाने पीत नाही, कातडीने पितो. डिस्टिल्ड पाणी बशीत नको, त्यात क्षार नसतात.

कातडीने पितो म्हटल्यावर हाताचा प्रश्न येतो. साबण, लोशन, सॅनिटायझर, डासांचं क्रीम, काहीही हातावर असेल तर ते आत जातं. शिवाय माणसाचा हात त्याच्यासाठी तापलेला तवाच. हलवायचं असेल तर हात नुसत्या पाण्याने नीट धुऊन ओले ठेवा आणि काम झालं की सोडा. नंतर मात्र साबणाने धुवा, कारण उभयचरांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. आणखी एक, आपल्याच घरांपुरतं: टाकी देवघराच्या खोलीत नको. उदबत्ती-धुपाचा धूर त्या ओल्या कातडीवर बसतो. मच्छर घालवायच्या वड्या आणि लिक्विड तर त्या मजल्यावरच नकोत. त्यांतली कीटकनाशकं उभयचरांना विषारी असतात.

जेवण. पहिला घास बहुधा हलणारा हवा, कारण जमिनीवर ही मंडळी हालचाल बघून झेपावतात. छोटे रातकिडे, गांडुळाचा वळवळणारा तुकडा, अगदी लहान पिल्लासाठी न उडणारी चिलटं. घास त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नसावा. संध्याकाळी उजेड कमी करून समोर सोडा आणि दूर व्हा. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर काढून घ्या. रात्रभर टाकीत राहिलेले रातकिडे झोपलेल्या पिल्लाची कातडी कुरतडतात. जबडा उघडून भरवणं हा शेवटचा उपाय आणि तोही पशुवैद्याचा, तुमचा नव्हे.

रोजचं अन्न म्हणून गांडुळाला तोड नाही. रातकिडे आणि बहुतेक किड्यांमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. वाढत्या पिल्लाला नुसत्या त्यांच्यावर ठेवलं तर जबडा मऊ पडतो, पाठ वाकते, पाय थरथरतात. म्हणून किडे देताना आदल्या दिवशी त्यांना भाज्या खाऊ घालाव्यात आणि देण्याआधी कॅल्शियम व डी-३ जीवनसत्त्वाची पूड लावावी. मेणकिडे म्हणजे नुसती चरबी. आजारातून उठलेल्याला एखादा ठीक.

पण गांडूळ म्हणजे कुठलंही गांडूळ नव्हे. घरच्या कंपोस्टच्या डब्यातली लाल, पट्टेरी गांडुळं, जी आपल्याकडे गांडूळखतासाठी वापरतात, ती चिडली की पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडतात. पुष्कळ सॅलमँडर ती थुंकतात आणि काही तर पुढे चांगलं गांडूळही नाकारतात. आमिषाच्या दुकानात मिळणारं मोठं ‘नाइटक्रॉलर’ कापून द्या. अंगणातले किडे देऊ नका, तिथल्या हिरवळीवर कोणी काय फवारलंय कोणास ठाऊक. आणि जून-जुलैत मुलं बरणीत काजवे पकडतात, ते तर टाकीच्या आसपासही नकोत. अमेरिकेतल्या काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. एखाद्याच काजव्याने पाळलेला बिअर्डेड ड्रॅगन सरडा मेल्याची नोंद आहे.

पहिले काही महिने रोज किंवा एक दिवसाआड जेवण, मोठा झाल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. हा प्राणी खादाड आहे, तोंडाशी आलेलं सोडत नाही, त्यामुळे मोठेपणी उपाशी मरण्यापेक्षा लठ्ठ होण्याची भीती जास्त. शेपटीचं मूळ बघायचं. तिथे चरबी साठते. ते गोलसर असेल तर ठीक, कमरेची हाडं दिसू लागली तर काळजी. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा घेऊन आठवड्यातून एकदा डब्यासकट वजन केलं तर अंदाज बांधत बसावं लागत नाही.

दोन पिल्लं एका टाकीत? टाळा. पाण्यात असताना यांच्यातली काही पिल्लं भावंडांनाच खाऊन मोठी होतात, आणि जमिनीवर आल्यावरही हललेली बोटं हा घासच वाटतो. तुटलेलं बोट परत येतं, पण म्हणून तोडू द्यायचं काही कारण नाही.

कात टाकताना कातडी तोंडाने ओढून गिळताना दिसेल. ते नेहमीचंच आहे. पण पोटाखाली आणि मांड्यांवर लाल चट्टे, कापसासारखी पांढरी बुरशी, फुगलेलं पोट, दिवसाढवळ्या उघड्यावर गळून पडणं, किंवा रूपांतरणानंतर तीन आठवडे होऊनही अन्नाला तोंड न लावणं, यांतलं काही दिसलं तर स्वच्छ ओल्या टॉवेलच्या डब्यात, थंड जागी ठेवा आणि उभयचर तपासणाऱ्या डॉक्टरांना गाठा. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर हे प्राणी बघत नाहीत, म्हणून पत्ता आधीच शोधून ठेवलेला बरा. माणसांचं मलम लावू नका, वेदना कमी करणारं तर मुळीच नाही.

कायद्याचंही बघावं लागतं, आणि त्यामागे चांगलं कारण आहे. दक्षिण-मध्य अमेरिकेतले टायगर सॅलमँडर विसाव्या शतकाच्या मध्याला आमिष म्हणून कॅलिफोर्नियात नेले गेले. ते तिथल्या स्थानिक, आता संकटग्रस्त झालेल्या कॅलिफोर्निया टायगर सॅलमँडरशी संकर करू लागले. आज त्या राज्यात या कुळातला एकही प्राणी, अगदी अॅक्सोलॉटलसुद्धा, परवान्याशिवाय पाळता येत नाही. आमिषाच्या व्यापाराबरोबर यांच्यात पसरणारा रानाव्हायरसही इकडून तिकडे गेला. बीसॅल नावाची बुरशी तर याहून वाईट. नेदरलँड्समधल्या फायर सॅलमँडरांचा जवळपास सफाया तिने केला, आणि तिचं वर्णन २०१३ साली प्रसिद्ध झालं. ती उत्तर अमेरिकेत पोहोचू नये म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने सॅलमँडरांच्या २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली. टायगर सॅलमँडर त्या यादीत नव्हता, पण राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, ते आधी बघून घ्या. आणि कंटाळा आला म्हणून पाळलेलं पिल्लू जवळच्या तळ्यात सोडणं हा पर्याय नाही, ते त्याच तळ्यातून आणलेलं असलं तरी. टाकीतलं पाणी आणि मातीही तळ्यात किंवा ओढ्यात टाकू नये.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. महाराष्ट्रात किंवा गोव्यात सॅलमँडर नाही. सह्याद्रीत बिनपायांचं देवगांडूळ आहे, तेही उभयचरच, पण शाखा वेगळी. दार्जिलिंग-सिक्कीमकडच्या डोंगरांत हिमालयीन सॅलमँडर आहे, तो कायद्याने संरक्षित आहे, पाळता येत नाही. मत्स्यालयाच्या दुकानांत दिसणारा अॅक्सोलॉटल आंतरराष्ट्रीय व्यापार-निर्बंधांच्या यादीत आहे, म्हणून घेण्याआधी कागदपत्रं आणि नोंदणीची चौकशी करा. शिवाय पुण्या-नागपूरच्या एप्रिलमध्ये १८ अंश राखायला किती वीज लागेल, तेही मोजा.

टायगर सॅलमँडर नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो, त्याहून जास्तही. म्हणजे तिसरीतल्या मुलीने आणलेलं पिल्लू ती कॉलेजला जाईल तेव्हाही टाकीत असेल, आणि त्याला गांडूळ कापून देणारे तुम्हीच असाल. डिसेंबरात तीन-चार आठवडे भारतात जायचं झालं, तर पहिल्या वर्षीचं पिल्लू एकटं सोडता येणार नाही. मोठा सॅलमँडर गार खोलीत, माती नीट ओली करून ठेवली तर आठवडाभर उपाशी राहू शकतो. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजाऱ्याला आठवड्यातून दोनदा यायला सांगा. जेवणाचे भाग डब्यांत करून फ्रिजमध्ये ठेवा, कंडिशनर घातलेलं पाणी बाटलीत भरून ठेवा, आणि तो दिसला नाही तरी शोधायला माती उकरू नका, असं कागदावर लिहून टाकीला चिकटवा.